अविधवा नवमीचं पान

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

ताई, सप्रेम नमस्कार. मी बावन्न वर्षांची, राहणार डोंबिवली. चार वर्षं लोकलमध्ये, रात्री ओट्यापाशी, जमेल तसं लिहून एक रहस्य कादंबरी पुरी केली आहे. हस्तलिखित सोबत पाठवते. गोष्ट राजापूर तालुक्यातल्या आमच्याच घराची आहे, नावं तेवढी बदलली.

१९३० साली आमच्या अंगणात एकाच मांडवात दोन लग्नं लागली, आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचं. तेरा वर्षांची माझी आजी सून म्हणून आत आली आणि अकरा वर्षांची तिची नणंद सासरी गेली. दोन वर्षांत ती विधवा होऊन परतली. आजीच्या तोंडी ती कायम 'वन्सं', म्हणून मीही तेच लिहिते. १९३७च्या सुमारास उन्हाळे गावी गंगा आली होती, म्हणजे तिथले अधूनमधूनच वाहणारे झरे वाहू लागले होते आणि स्नानाला लोक लोटले होते. त्या गर्दीत वन्सं नाहीशा झाल्या. अर्जुना नदीत बुडाल्या असं घरात सांगितलं गेलं. देह कधी मिळाला नाही.

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत एक पोस्टकार्ड मिळालं. कोल्हापूरचा शिक्का, साल १९४१. मजकूर एवढाच: "सौ. माईस कृतानेक सा. न. वि. वि. येथील क्षेम. आमची गाय व्याली. कालवड झाली. दोघी बऱ्या आहेत. आमसुले संपत आली. बिऱ्हाड बदलले, नवा पत्ता वर लिहिला आहे. आपली, सौ. सुभद्रा." पत्त्यात एका पेठेचं नाव आणि पुढे 'माडीवर'. माई म्हणजे माझी आजी. आमच्या नात्यात सुभद्रा कुणीच नाही.

कादंबरीत मी वन्संना आषाढाच्या पावसात जैतापूरहून आगबोटीनं मुंबईला पळवलं आहे. परसातल्या विहिरीत तान्ह्या बाळाची हाडं सापडतात, असंही एक प्रकरण आहे. शेवटच्या प्रकरणात उलगडा होतो की वन्सं जिवंत होत्या. पण आमच्या वाचनकट्ट्यावरच्या तिघींनी ते सहाव्या प्रकरणातच ओळखलं. एक म्हणाली, हाडांचं रहस्य वाढव, तरच धक्का बसेल.

दुसरी अडचण मोठी आहे. माझी आत्या ८४ वर्षांची आहे. मी हे लिहितेय कळल्यावर म्हणाली, "गेलेल्यांचं उकरू नकोस, मला शपथ आहे." तेव्हापासून फोनवर नीट बोलत नाही. हे सगळं फाडून टाकू का?
– माजघरातली एक

(नाव आम्ही बदललं आहे, कार्डावरचा पत्ता आणि गावाचं नाव गाळलं आहे. कारण पुढे येईलच.)

उत्तर:

सप्रेम नमस्कार. फाडू नका. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

हस्तलिखित दोनदा वाचलं. पहिल्यांदा एका बैठकीत, नुसतं गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. या दुसऱ्या वाचनात १४२व्या पानावर थांबले ती तासभर पुढे सरकले नाही. ते पान तुम्ही आजीच्या स्वभावाचं वर्णन म्हणून लिहिलंय, त्याला फारसं महत्त्व दिलेलं नाही. माझ्या मते तुमची सगळी कादंबरी त्या पानावर आहे.

तिथं तुम्ही लिहिता की १९५२ सालापासून आजी दर भाद्रपदात, पितृपंधरवड्यातल्या नवमीला गावातली एक सवाष्ण जेवायला बोलवायची. पहाटे उठून खीर, वडे, भाजणीचं काय काय. तिची ओटी भरायची, खण द्यायची, हिरव्या बांगड्या भरायची. आजोबा त्या दिवशी सकाळीच कलमांच्या बागेत निघून जात आणि तिन्हीसांजेला परत येत. हे कुणासाठी, तर तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात: 'बहुधा पणजीसाठी.'

पण विसाव्या पानावरचा पणजीचा फोटो तुम्हीच रंगवलाय. आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, मोकळं कपाळ. तुमची पणजी विधवा होऊन गेली. अविधवा नवमी तिची असूच शकत नाही. नवरा हयात असताना जी जाते, कपाळाला कुंकू असताना जी जाते, तिची ती तिथी. म्हणून तर त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात.

मग पान कुणाचं होतं?

घरातल्या हिशेबाप्रमाणे वन्सं विधवा होत्या आणि नदीत बुडाल्या होत्या. बुडालेल्या विधवेची अविधवा नवमी कुणी करत नाही. तेव्हा आजीला दोन गोष्टी ठाऊक असणार. वन्सं १९५२च्या आसपास गेल्या आणि जाताना त्या सौभाग्यवती होत्या. म्हणजे पुन्हा लग्न झालं होतं, संसार झाला होता. पंधरा वर्षं गिळलेली ही गोष्ट आजी दरवर्षी भर दुपारी, उघड्या ओसरीवर, केळीच्या पानात वाढत होती. शेजारच्या बायका येऊन जाऊन पाहत होत्या. अशा घरात तिथीचा हिशेब प्रत्येकीला येतो. तरी कुणीच विचारलं नाही, किंवा ज्यांना कळलं त्यांनी विचारायचं टाळलं. माझ्या अंगावर काटा आला तो इथं. विहिरीतल्या हाडांपाशी आला नाही.

आणखी एक. २०३ पानावर तुम्ही म्हणता, '६२ साली आजीनं हे बंद केलं, वयोमानाप्रमाणे झेपत नसेल.' बासष्ट साली तुमची आजी पंचेचाळीस वर्षांची होती. त्यानंतरही तीस वर्षं ती पायलीभर तांदळाचे पोहे कांडत होती, हेही तुम्हीच लिहिलंय. पुष्कळ घरांत अविधवा नवमी त्या बाईचा नवरा हयात आहे तोवरच करतात. तो गेला की बंद होते. तुमच्या घरची रीत तशी होती का, हे आत्यांना विचारा. तशी असेल तर बासष्ट साली कोल्हापूरहून आणखी एक बातमी आली होती. वन्सं जाऊन दहा वर्षं झाल्यावरही तिकडून कुणीतरी कळवत होतं.

आता ते कार्ड. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली सुरू झालं, एका पैशाला एक. स्वस्त म्हणून घरोघर पोचलं, पण ते उघडं. टपालवाला वाचणार, वाटेतला दुकानदार वाचणार, सासरे तर मोठ्यानं वाचून दाखवणार. माझ्या आजोळी कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते उंबऱ्याच्या आत येत नसे. तिथंच उभ्यानं वाचून फाडायचं, मग अंघोळ. मी पाच-सहा वर्षांची असताना आजीच्या हातात असं कार्ड पाहिलं आहे. तिनं वाचलं, बारीक तुकडे केले आणि मला म्हणाली, पाणी तापत ठेव. कोण गेलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येणाऱ्या कागदावर आपलं खाजगी कसं लिहायचं, हे त्या बायका शिकल्या होत्या.

म्हणून कार्ड पुन्हा वाचा. पत्त्यात 'माडीवर' आहे. कोल्हापूरच्या पेठेत माडीवर भाड्यानं राहणाऱ्या बाईकडे गाय कुठून आली? गाय व्याली म्हणजे ती स्वतः बाळंत झाली. कालवड म्हणजे मुलगी. 'दोघी बऱ्या आहेत' हे माईला कळवायचं होतं, त्यासाठी सगळं कार्ड. 'बिऱ्हाड बदलले' म्हणजे आधीचा पत्ता माईला माहीत होता, हे पहिलं कार्ड नव्हे. 'आमसुले संपत आली' म्हणजे राजापुराकडून आमसुलं जात होती. ती कुणी नेली? टपालानं गेली असती तर सासूला कळलं असतं. घाट चढून कोल्हापूरला जाणारं कुणीतरी माणूस यात आहे आणि तुमच्या कादंबरीत ते अजून आलेलंच नाही. आणि सहीतलं 'सौ.' पाहा. वन्संनी आपल्या वहिनीला कळवलेली सगळ्यात मोठी बातमी त्या एका अक्षरात आहे.

सुभद्रा कोण, हे तुम्हाला चार वर्षं सुटलं नाही याचं नवल वाटू देऊ नका. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात आणि माहेरचं नाव त्या दिवशी मिटतं. दोनदा लग्न झालेल्या बाईला तीन नावं. माहेरचं एक, पहिल्या सासरचं दुसरं, दुसऱ्या सासरचं तिसरं. कुलवृत्तान्त काढा, वंशावळ काढा, पुरुषांची रांग सरळ सापडते. बाई मात्र प्रत्येक उंबऱ्यावर वेगळ्या नावानं आत जाते. माग काढणाऱ्या नातीला तीन नावं म्हणजे तीन वेगळ्या बायका वाटतात. ही गाठ तुमच्याकडे आयतीच आहे, ती वापरा. ती सोडवायला तुमच्या नायिकेला बाहेरचा गुप्तहेर लागणार नाही. लग्नातलं ताट, कार्डाची सही आणि नवमीचं पान यांची सांगड घालणारं कुणी हवं, आणि हे काम घरातल्या बाईलाच जमेल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यातूनच निघतं. वन्सं जिवंत होत्या हे लपवू नका. तिघींनी सहाव्या प्रकरणात ओळखलं ना? मग सहाव्यातच तुम्ही आपणहून सांगा. माझं ऐकाल तर तिसऱ्यात सांगा. त्यानंतर खरा ताण सुरू होतो. कुणाला किती ठाऊक होतं आणि ज्याला ठाऊक होतं त्यानं ते गप्प राहून कसं निभावलं? हे रहस्य घरात अखंड कुणाकडेच नव्हतं, तुकडे झाले होते. आजीकडे मोठा तुकडा. आजोबांकडे एवढाच की आज बागेत जाऊन बसायचं, ओसरीवर थांबायचं नाही. पणजीला कदाचित सगळं कळलं असेल, पण कळल्याचं दाखवलं तर जुन्या अर्थानं घटस्फोट करावा लागला असता, म्हणजे ती आपल्याला मेली असं ठरवून जिवंत लेकीच्या नावानं घागर फोडावी लागली असती. मुलगी बुडाली म्हटल्यावर निदान ते टळलं. कोल्हापूरच्या मुलीकडे दुसरं टोक. आणि तुमच्या आत्यांकडे काहीतरी आहे, त्यावर येतेच.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. नवमीची दुपार. सवाष्ण पानावर बसली आहे. अकरा वर्षांची आत्या मीठ वाढतेय. शेजारच्या काकू खांबाला टेकून सहज विचारतात, "माई, पान कुणाचं गं?" वाचकाला उत्तर माहीत आहे. मुलीला अर्धं माहीत आहे. काकूंना संशय आहे. माईच्या हातात खिरीची वाटी. आता माई काय बोलते यासाठी वाचक श्वास रोखून बसेल. वाचकापासून सगळं दडवून ठेवलं असतं तर या प्रसंगात काहीच नव्हतं, नुसतं एक जेवण.

हाडांचं प्रकरण काढून टाका. हे मी कळकळीनं सांगते. त्या काळी विधवांवर असे प्रसंग येत होते, म्हणूनच सांगते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते फसलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं आणि मूल जगावं म्हणून. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भक मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. त्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांनी बायकांच्या नावानं जो शिमगा केला, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. या सगळ्यामागे खऱ्या बायका आणि खरी बाळं आहेत. तुमच्या ट्रंकेतला एकही कागद त्या विहिरीकडे बोट दाखवत नाही. वाचकाला दचकवायला म्हणून एक बाळ मारायचं आणि ते तुमच्या वन्संच्या माथी मारायचं, हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. त्यांची कालवड जगली.

आता बोट. आषाढात जैतापूरहून आगबोट सुटत नसे. पावसाळा लागला की कोकणची आगबोट वाहतूक बंद, ती पुन्हा पावसाळा ओसरल्यावर. राजापूरचा जुना वाचक त्या पानावर पुस्तक मिटेल. शिवाय कार्ड कोल्हापूरचं असताना मुंबई कशाला? राजापुराहून अणुस्कुऱ्याची घाटवाट आहे, थोडं दक्षिणेला फोंडा घाट. वर गेलं की कोल्हापूर संस्थान, म्हणजे इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा मागे पडला. विधवेचं लग्न कायद्यानं इकडेही होत होतं, १८५६ पासून. अडवणारी होती ती गावातली माणसं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, हे तुम्हाला ठाऊकच असेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाचा कायदा केला होता. तिथली हवा निराळी होती आणि ओळखीचं माणूस भेटण्याची भीती कमी. गंगा कोणत्या साली, कोणत्या महिन्यात आली होती हेही तिथल्या जुन्या लोकांना विचारून पक्कं करा. सगळा पळ त्या तारखेवर उभा आहे.

आणि ते दोन विवाह! एकाच मांडवात, एकाच मुहूर्ताच्या सुमारास, का? तुम्ही म्हणता 'खर्च वाचावा म्हणून'. असेलही. पण साल १९३० आहे. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता, लग्नाला मुलीचं वय किमान चौदा आणि मुलाचं अठरा. त्याच्या आधी उरकून घ्या म्हणून माघ-फाल्गुनात देशभर लग्नांची घाई उडाली. तेरा वर्षांची माई आणि अकरा वर्षांच्या वन्सं, दोघींची लग्नं त्या घाईत लागली. दोन महिने उशीर झाला असता तर वन्संचं लग्न निदान तीन वर्षं लांबलं असतं, आणि तो मुलगा बत्तीस साली गेला तेव्हा त्या कुणाच्याच विधवा झाल्या नसत्या. हे माईला पुढे कधीतरी कळलं असणार. एकाच अक्षतांत एकीला संसार मिळाला आणि दुसरीचा गेला. वन्संना घाट चढवून देण्यामागे दया तर असेलच, पण माझ्या मनात राहून राहून येतं की माईला हे आपल्याकडचं देणं वाटत असेल. तुमच्या हस्तलिखितात ती नुसती प्रेमळ आजी आहे. तिला हे देणं द्या.

एक चकवा सुचवते, कारण रहस्यकथेला तो लागतो आणि तो खरा असेल तर अधिक बरा. १९३७ सालीच हिंदू विधवांना नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा आला. वन्सं नाहीशा झाल्या तेही सदतीस. वाचकाला लगेच वन्संच्या दिराचा संशय येईल. येऊ द्या. फेरफारात त्यांच्या नावापुढे घाईघाईनं लागलेला 'मयत' शेरा दाखवा, दिराच्या चकरा दाखवा. मग तुमच्या नायिकेला तो कायदा मुळातून वाचू द्या. कायदा लागू होण्याआधी जे गेले, त्यांच्या मालमत्तेला तो लागूच नव्हता. वन्संचे यजमान बत्तीस साली गेले. म्हणजे दिराला भ्यायचं कारण नव्हतं, फक्त ते त्याला माहीत नव्हतं. तो नुसत्या ऐकीव बातमीवर घाबरला आणि जिवंत भावजयीला कागदावर मारून मोकळा झाला. त्या शेऱ्यामुळेच पुढे वन्संना कुणी शोधलं नाही. खुनाशिवाय एवढी चांगली गुंतागुंत क्वचित मिळते.

आता आत्या. त्यांचं वाक्य तुम्ही पत्रात जसंच्या तसं लिहिलंत त्याबद्दल आभार, कारण मी ते चारदा वाचलं. "तुला शपथ आहे" असं त्या म्हणाल्या नाहीत. "मला शपथ आहे" म्हणाल्या. तुम्हाला अडवणारी बाई असं बोलत नाही. कुणीतरी त्यांना शपथ घातली आहे आणि ती त्या अजून पाळतायत. १९४१ साली कोल्हापुरात कालवड झाली. तुमच्या आत्यांचाही जन्म एक्केचाळीसचाच ना, ८४ म्हणजे? दोघी आतेमामे बहिणी, एकाच वर्षाच्या. बासष्टपर्यंत कुणीतरी कळवत होतं आणि तेव्हा आत्या एकवीस वर्षांच्या होत्या. कार्डं कुणाच्या हातात पडत होती, कुणी वाचून दाखवत होतं, उत्तर कुणी लिहीत होतं? माझा अंदाज चुकेलही. पण त्यांचा राग तुमच्यावर नाही असं मला वाटतं. ऐंशीच्या पुढच्या वयात आईला दिलेला शब्द मोडण्याची त्यांना भीती वाटतेय, आणि तुम्ही डोंबिवलीहून फोनवर तो मोडायला सांगताय.

म्हणून छपाईचा विषय सध्या पूर्ण बाजूला ठेवा. त्यांना परवानगी मागू नका, कारण 'नाही' म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. आणि 'खरं काय झालं होतं' हेही विचारू नका. गावी जा. चार दिवस राहा. हस्तलिखित घेऊन जाऊ नका. आधी कार्ड त्यांच्या हातात द्या, त्यांचं आहे म्हणून. तुमच्याकडे ते कसं आलं एवढं सांगा आणि गप्प बसा. त्या बोलल्या तर ऐका, मोबाइलवर टिपून घेऊ नका. नाही बोलल्या तर भाजी निवडा.

त्या बोलल्या, तर पुढे जे लिहाल ते आधी त्यांना वाचून दाखवायचं. रोज दोन-चार पानं, डोळे थकतील इतकं नाही. त्या जिथं हात वर करतील तिथं तुमची पेन्सिल थांबली पाहिजे. एवढं करूनही त्या छापू नकोस म्हणाल्या, तर त्यांच्या हयातीत छापू नका. हे तुम्हाला जड जाईल, मला कळतं, चार वर्षं थोडी नाहीत. पण जिवंत माणसाच्या शब्दापुढे पुस्तक थांबू शकतं. तोवर गोष्ट त्या घरातून उचलून दुसरीकडे रुजवायचं काम तुम्हाला आहेच. तालुका बदला, नदी बदला, गंगेच्या जागी दुसरी जत्रा घ्या, कार्डातल्या गाईचं आणखी काहीतरी करा. नवमीचं पान तेवढं राहू द्या, ते कोणत्याही घरात शोभेल.

कोल्हापूरच्या पत्त्यावर मात्र आपण होऊन जाऊ नका, आणि तो पत्ता पुस्तकातही नको. आम्ही इथं तो छापला नाही तो याचसाठी. कालवड हयात असेल तर तीही चौऱ्याऐंशीची आहे. आपल्या आईचं हे दुसरं लग्न होतं, हे तिला सांगितलं गेलं असेल किंवा नसेल. तिच्या मुलाबाळांना ते तुमच्या कादंबरीतून कळता कामा नये. तिच्यापर्यंत जायचंच असेल तर ती वाट आत्यांना माहीत असेल आणि त्यांनीच पुढे व्हायला हवं. दोघी म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं झालं आणि त्यातून तुमच्या वाट्याला काहीच आलं नाही, तरी चालेल असं मनाशी ठरवून जा.

जमलं तर भाद्रपदातच जा, नवमी गाठून. आत्यांना स्वयंपाकाचं विचारा. त्या दिवशी खीर कसली असायची, वड्यांचं पीठ कोण भिजवायचं, सवाष्ण दरवर्षी तीच असायची की वेगळी, खणाचा रंग कुणी ठरवायचं. आणि पाहुणी जेवून उठल्यावर आजी स्वतः त्या दिवशी काय जेवायची, की नुसती पान उचलून उपाशीच निजायची, हे आठवतंय का तेही विचारा. १४२व्या पानावर हे नाही, आणि मला ते वाचायचं आहे.